वर्सईचे भटजी आणि फोनमधले ठिपके

१८५७ साली पेणजवळच्या वर्सईचे विष्णुभट गोडसे काकांबरोबर उत्तरेला निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत सर्वतोमुख यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, एवढाच हिशेब. महूच्या आसपास पोचतात तो बंडाची बातमी. मग उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी, काळपी. झाशीच्या वेढ्यात भटजी आत अडकले, लुटले गेले आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतले.

ही सगळी नोंद डोक्यात होती. १८८३च्या सुमारास चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ती कागदावर उतरवली; अट एकच, हयातीत छापायची नाही. ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश राहिलेल्या वैद्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ छापला खरा, पण मजकुरावर आपला हात फिरवून. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात गेले आणि १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी ते छापले, तेव्हा कुठे भटजींची खरी भाषा वाचकांपर्यंत आली.

आता नोंद फोन ठेवतो. २००९ साली गूगलचे लॅटिट्यूड आले, २०१५ साली टाइमलाइन. कोण कधी कुठे होते, सगळे कंपनीच्या सर्व्हरवर. डिसेंबर २०२३ मध्ये गूगलने ही नोंद यापुढे ज्याच्या त्याच्या फोनवरच राहील असे जाहीर केले. खासगीपणाच्या दृष्टीने चांगलेच; पण संगणकावर टाइमलाइन उघडायची सोय गेली. मार्च २०२५ मध्ये तांत्रिक बिघाडाने काही जणांची अनेक वर्षांची नोंदच पुसली गेली.

म्हणून काही जणांनी बिऱ्हाड हलवले. ओनट्रॅक्स हे अ‍ॅप फोनची जागा थेट स्वतःच्या सर्व्हरला कळवते. तो सर्व्हर म्हणजे घरातला जुना लॅपटॉपही चालतो. दावारिख हे दुसरे सॉफ्टवेअर गूगलची जुनी फाइल वाचून नकाशावर रेघा काढते. प्रत्येक नोंदीत अक्षांश, रेखांश, वेळ. ग्वाल्हेर म्हणजे २६.२२, ७८.१८. बॅकअप मात्र स्वतःच घ्यायचा. डिस्क गेली की मंडळही नाही आणि पोतदारही नाहीत.

गोडसे भटजींचा मार्ग असाच भरायला घेतला तर गावे पटापट बसतात, तारखा अडतात. आणि काळपीच्या वाटेवरची ती विहीर? तहानलेल्या राणी लक्ष्मीबाईंनी भटजींना पाणी काढू दिले नाही, स्वतःच काढले आणि ओंजळीने प्यायल्या. त्यासाठी फाइलीत रकाना नाही.