पत्ता उजवीकडून वाचावा
(लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात फसव्या दूरध्वनींचा विचार झाला. या आठवड्याचा विषय त्याहून अवघड आहे, कारण येथे भामट्याला आपल्या दारी येण्याची तसदी घ्यावी लागत नाही. आपणच त्याला शोधत जातो.

सेनगाव तालुक्यातील साखऱ्यासारख्या गावी, जेथे विजेच्या वेळापत्रकाकडे डोळे लावून रात्री-अपरात्री पिकाला पाणी द्यावे लागते, तेथे सौर पंपाला अनुदान मिळते असे कळताच कास्तकाराने मोबाइलवर ‘कुसुम योजना अर्ज’ असा शोध घ्यावा, हे स्वाभाविकच होय. केंद्र सरकारने २०१९ साली ही योजना सुरू केली, आणि अर्जदारांकडून नोंदणी शुल्क व पंपाची रक्कम उकळणाऱ्या बनावट संकेतस्थळांविषयी नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला वारंवार जाहीर इशारे द्यावे लागले. मंत्रालयाने नावानिशी जाहीर केलेल्यांपैकी एक होते ‘कुसुमयोजनाऑनलाइन डॉट इन डॉट नेट’. योजनेचे नाव त्यात आहे, भारताचा निदर्शक ‘इन’ही आहे, तथापि शेवटी ‘नेट’ असल्यामुळे तो ‘इन’ केवळ शोभेचा ठरतो.

‘मुक्काम साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली’ या पत्त्यात जसे शेवटचे शब्द सर्वांत व्यापक मुलूख सांगतात, तसेच संकेतस्थळाच्या पत्त्यातही पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या अलीकडचे, उजव्या टोकाचे शब्द मालकी सांगतात. तेथे ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तर ते नाव सरकारी यंत्रणेला दिलेले असते. मात्र महावितरणचा अधिकृत पत्ता ‘महाडिस्कॉम डॉट इन’ असा, म्हणजे ‘जीओव्ही’वाचून आहे, असे पत्ते शोधत न बसता वीजबिलावरून उतरवून घ्यावेत. शोधात सर्वांत वर दिसणे हा खरेपणाचा दाखला नव्हे, कारण ‘प्रायोजित’ अशी खूण असलेली जागा पैसे देऊन मिळते. आणि पत्त्याशेजारचे कुलूप मधला संदेश कोणी वाचू शकत नाही एवढेच सांगते, पलीकडे बसलेल्याच्या सचोटीविषयी मौन बाळगते.

रक्कम मागणाऱ्या पानापेक्षा ॲप उतरवून घ्यायला सांगणारे पान मला अधिक घातक वाटते. ‘पीएम किसान’च्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरलेल्या एपीके (म्हणजे ॲप बसवणाऱ्या) फाइलींचा प्रकार असाच: फाइल उघडली की फोन ‘अनोळखी स्रोत’ म्हणून हटकतो, तो इशारा डावलला की ॲप संदेश वाचण्याची परवानगी मागते, आणि ती मिळताच बँकेचा ओटीपी खातेदाराच्या आधी चोराच्या हाती पडतो. अनुदानाच्या अर्जाला आपले संदेश वाचण्याचे कारणच काय, हा प्रश्न त्या क्षणी विचारावा आणि परवानगी नाकारावी.

अशी फाइल अनवधानाने उघडली गेलीच, तर प्रथम फोनचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवावे, आणि पैसे गेले असतील तर लाजेपोटी एक दिवसही न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तरच ती अडवता येण्याची आशा असते.