माळ्यावरचा डबा पुन्हा उघडताना

चाळिशी ओलांडलेल्या रुग्णाची विचारपूस करताना रक्तदाब, साखर, आहार आणि झोप यांच्या जोडीला एक प्रश्न मी हमखास विचारतो : ‘‘कामाशिवाय हातांनी काय करता?’’ बहुतेक जण क्षणभर गोंधळतात. गृहिणी हसून म्हणतात, ‘‘पोळ्या लाटते की!’’ ते खरेच असते. पण ते कामच. कुणी वाचनाचे नाव घेतात, कुणी मालिकांचे. प्रामाणिक माणसे खिशातल्या मोबाइलकडे बोट दाखवतात. दिवाळीच्या सुट्टीत माती कालवून किल्ला करणारे, लोखंडी पट्ट्या आणि नट-बोल्ट जोडून क्रेन उभारणारे हात पुढे सह्या करण्यापुरते आणि पडद्यावर बोट फिरवण्यापुरतेच उरलेले असतात.

अलीकडे मात्र या प्रश्नाला एक वेगळे उत्तर अधूनमधून ऐकू येते, आणि ते देताना माणसे थोडी संकोचतात. ‘‘डॉक्टर, हसू नका, पण मी ठोकळे जोडतो. मुलांचे.’’ हसण्याचे काहीच कारण नाही. या छंदाविषयी वैद्यकाच्या दृष्टीने चार गोष्टी सांगाव्यात, यासाठी हा लेखप्रपंच.

सुताराच्या घरातली वीट

या ठोकळ्यांपैकी जगभर सर्वांत परिचित नाव लेगोचे. डेन्मार्कमधील बिलुंड या लहानशा गावात ओले कर्क क्रिस्तियनसन नावाचे सुतार होते. मंदीच्या काळात घरबांधणीची कामे आटली, तेव्हा १९३२ साली ते शिड्या, इस्त्रीच्या फळ्या आणि लाकडी खेळणी बनवू लागले. १९३४ साली ‘छान खेळ’ या अर्थाच्या डॅनिश शब्दांवरून त्यांनी उद्योगाला ‘लेगो’ हे नाव दिले. प्लास्टिकची वीट आली १९४९ साली. पण ती आतून पोकळ असल्याने तिची पकड सैल होती. ओले यांचे पुत्र गॉटफ्रेड यांच्या काळात, २८ जानेवारी १९५८ रोजी, आजच्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज झाला. वर खुंट्या आणि आत पोकळ नळ्या, अशी ही रचना. खुंट्या नळ्यांच्या मध्ये घट्ट बसतात. जोडलेले सुटत नाही, आणि सोडवायचे ठरवले तर अडतही नाही. विटेच्या मापात केसाच्या जाडीइतकाही फरक चालत नाही. त्यामुळे १९५८ची वीट आजच्या विटेवर बसते. आजोबांचा आणि नातवाचा डबा एकत्र करता यावा, असे खेळणे विरळाच.

शक्यतांचे गणितही थक्क करणारे आहे. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या केवळ सहा विटा घेतल्या, तर त्या ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या साहाय्याने ही संख्या काढली.

मोठ्या माणसांचे या खेळाकडे परतणेही नवे नाही. बालपणी सुटलेला आणि प्रौढपणी पुन्हा हाती आलेला हा छंद, या दोहोंच्या मधल्या वर्षांना या क्षेत्रातली माणसे गमतीने ‘अंधारयुग’ म्हणतात. २००८ साली आलेल्या ताजमहालाच्या संचात ५,९२२ तुकडे होते. तो काही बालवाडीसाठी नव्हता. २०२०पासून तर कंपनीने प्रौढांसाठीच्या संचांवर ‘१८+’ असे ठळक छापायला सुरुवात केली. जणू मोठ्यांना खेळायची परवानगीच खोक्यावर छापून मिळाली!

झोपेची गोळी मागणारे गृहस्थ

माझ्या माहितीतील एक गृहस्थ बँकेत अधिकारी होते. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. दिवसभर कर्जाच्या कागदांवर सह्या, आणि प्रत्येक सहीची जबाबदारी शिरावर. मुलगा शिक्षणासाठी परदेशी गेला आणि घर एकाएकी शांत झाले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागेना. झोपेची गोळी लिहून द्या, असा आग्रह धरून ते आले. अशा गोळ्यांची सवय लवकर जडते आणि सुटताना फार छळते. म्हणून तपासण्या करून घेतल्या, दुपारनंतरचा चहा बंद केला आणि झोपण्यापूर्वीचा एक तास मोबाइलशिवाय काढायला सांगितले.

‘‘त्या तासात करू काय?’’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर त्यांनीच शोधले. माळा आवरताना मुलाचा ठोकळ्यांचा डबा सापडला. टाकून देण्यापूर्वी सहज दोन विटा जोडल्या, आणि डबा खालीच राहिला. पुढच्या भेटीत ते म्हणाले, ‘‘डॉक्टर, तासभर मला कुणी काही विचारलं नाही, आणि मीही स्वतःला काही विचारलं नाही.’’

ठोकळ्यांनी त्यांचा रक्तदाब बरा झाला, असे मी म्हणणार नाही. त्यांची गोळी आजही चालू आहे. मात्र झोपेच्या गोळीची गरज पडली नाही. यात मोबाइल दूर ठेवण्याचा वाटा किती, चहाचा किती आणि ठोकळ्यांचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. एवढे खरे की, ‘मोबाइल पाहू नका’ हा सल्ला रिकाम्या हातांना पाळता येत नाही. हातांना दुसरे काही द्यावेच लागते.

विसावा नेमका कशात?

या छंदाने बुद्धी तल्लख होते, स्मृतिभ्रंश टळतो, असे दावे सर्रास केले जातात. हस्तकलेसारखे छंद जोपासणाऱ्या वृद्धांत स्मृतिक्षीणतेचे प्रमाण कमी असल्याचे काही निरीक्षणांत आढळले आहे. परंतु संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. ज्यांची स्मृती शाबूत आहे, त्यांनाच असे छंद टिकवता येतात, हेही शक्य आहे.

माझ्या मते या खेळाचे खरे औषधी मूल्य वेगळेच आहे. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी ‘फ्लो’ नावाच्या अवस्थेचे वर्णन केले आहे. काम कौशल्याला पुरून उरेल इतके अवघड नाही, कंटाळा यावा इतके सोपे नाही आणि पुढची पायरी स्पष्ट आहे; अशा वेळी माणूस कामात बुडून जातो, काळाचे भान सुटते. ठोकळ्यांच्या संचात या तिन्ही गोष्टी असतात.

पण त्याहूनही महत्त्वाची मला चौथी वाटते. इथे चूक उलगडता येते. दहाव्या पायरीवर चुकलेली वीट चाळिसाव्या पायरीवर लक्षात आली, तर तीस पायऱ्या मागे जावे लागते. थोडी चिडचिड होते, एवढेच. विटेला ओरखडा पडत नाही, कुणाचे नुकसान होत नाही. प्रौढ आयुष्यात अशी मुभा कुठे आहे? डॉक्टरचे निदान, शिक्षकाचा शब्द, चालकाने मारलेला ब्रेक, आईबापांचा निर्णय. यांतले काहीच सहज मागे घेता येत नाही. मीही गेली काही वर्षे रविवारी दुपारी तासभर ठोकळे घेऊन बसतो. आठवडाभर प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचून हाती देणाऱ्या माणसाला, जिथे निर्धास्तपणे चुकता येते अशी एक चौरस फूट जागा किती विसावा देते, हे अनुभवाशिवाय कळत नाही.

मोडावे, पण ज्याने बांधले त्याने

इथे कुटुंबीयांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. २००८ साली डॅन एरिएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तींना लेगोच्या लहान आकृत्या जोडण्याचे पैसे मिळत. प्रत्येक पुढच्या आकृतीला थोडे कमी. एका गटाच्या आकृत्या समोर मांडून ठेवल्या गेल्या. दुसऱ्या गटाची आकृती मात्र, ती व्यक्ती पुढची जोडत असतानाच, तिच्या डोळ्यांदेखत मोडली जाई. मोबदला तोच, काम तेच. तरीही दुसऱ्या गटाने लवकर काम सोडले.

तात्पर्य साधे आहे. आपण बांधलेले आपल्या हाताने उलगडण्यात मोकळेपणा आहे. तेच दुसऱ्याने मोडले की उमेद खचते. टेबल हवे म्हणून अर्धे राहिलेले काम डब्यात लोटणे, पाहुण्यांसमोर ‘यांचं दुसरं बालपण सुरू झालंय’ असे म्हणून हसणे, हेही एक प्रकारचे मोडणेच. एखादा मोठा ट्रे ठरवून द्यावा. काम त्यावरच करावे आणि ट्रेसकट उचलून ठेवावे. घरातली शांतता आणि कलाकृती, दोन्ही टिकतात.

एक वाचील, एक शोधील, एक जोडील

हा छंद एकट्याचाच असावा असे नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेगॉफ यांनी स्वमग्न मुलांसाठी लेगोवर आधारित गटपद्धती विकसित केली आणि २००४ साली तिच्याविषयी लिहिले. तीत एक मूल ‘अभियंता’ होऊन चित्र पाहून सूचना देते, दुसरे ‘पुरवठादार’ होऊन तुकडे शोधते, तिसरे ‘बांधणारा’ होऊन ते जोडते. काम पुढे न्यायचे तर बोलावे लागते, ऐकावे लागते, आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते.

ही विभागणी कोणत्याही घराला उपयोगी आहे. चष्मा लावून पुस्तिका वाचायला आजी, तुकडे शोधायला नात आणि जोडायला बाबा. मग भूमिका बदलाव्यात. नातीच्या सूचना मुकाट्याने पाळणारे वडील हे दृश्य घराला फार हितकर असते!

काही वैद्यकीय सूचना

तीन वर्षांखालील मुलांच्या हाती लहान तुकडे पडू देऊ नयेत. २०१८ साली बालआरोग्य क्षेत्रातील सहा जणांनी स्वतः लेगोच्या बाहुलीची डोकी गिळून ती बाहेर पडायला किती वेळ लागतो, हे मोजले. सरासरी १.७१ दिवस लागले. विनोदाने केलेला हा अभ्यास निरोगी प्रौढांवरचा होता. लहान मुलाच्या श्वासमार्गात तुकडा अडकला, तर तो विनोद राहत नाही. प्रकाश देणाऱ्या स्वस्त खेळण्यांत बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या असतात. त्यांना विशेष जपावे. अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतच गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. मुलाने ती गिळल्याचा नुसता संशय असला, तरी उलटी काढण्याच्या खटपटीत न पडता तत्काळ रुग्णालय गाठावे.

मधुमेही व्यक्ती घरात असेल, तर काम संपल्यावर जमीन न्याहाळणे हा नियमच करावा. अनवाणी पायाखाली आलेली वीट इतरांना कळवळायला लावते. ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांना ती कळतही नाही, आणि न कळलेल्या जखमेतून पुढे मोठे दुखणे उद्भवते.

टेबल कोपराच्या उंचीचे असावे. मांडीवर डबा घेऊन मान वाकवून बसू नये. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी दिवा डावीकडे ठेवावा. दर वीस मिनिटांनी नजर उचलून दूरवर पाहावे आणि तासाभराने उठावे. घट्ट बसलेल्या विटा नखांनी वा दातांनी काढू नयेत; त्यासाठी लहानसे साधन मिळते. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असणाऱ्यांनी ते जवळ ठेवावेच. आणि बसून केलेला कोणताही छंद चालण्याची जागा घेत नाही. आठवड्याला १५० मिनिटांचे भरभर चालणे आपल्या जागी हवेच.

खर्चाचेही भान असावे. मोठे संच बरेच महाग असतात, आणि न उघडलेली खोकी जमवणे हा बांधण्याचा नव्हे, खरेदीचा छंद झाला. आरंभ माळ्यावरच्या जुन्या डब्यापासून करावा. विटा कोमट साबणपाण्यात धुऊन सावलीत वाळवल्या की पुरे. ठोकळे नसतील, तर लोखंडी पट्ट्यांचा जुना संचही तितकाच चांगला.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. पूर्वी आवडणाऱ्या कोणत्याच गोष्टीत दोन आठवड्यांहून अधिक काळ मन लागत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो छंदाचा अभाव नव्हे. नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर ठोकळे हा उपाय नाही. आपल्या डॉक्टरांना भेटावे, किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

ज्यांचे मन केवळ दमलेले आहे, त्यांनी मात्र येत्या रविवारी माळ्यावर हात घालून पाहावा. काय बांधायचे, हे आधी ठरवायची गरज नाही. दोन विटा जोडाव्यात, न आवडल्यास सोडवाव्यात आणि पुन्हा जोडाव्यात. इतक्या वर्षांनंतर हातांना एवढे आठवायला वेळ लागत नाही.