अजिंठ्याच्या लेण्यांतून शिकूया इंग्रजी प्रश्न



आपल्या मुलांना इंग्रजीत उत्तर देता येतं, पण प्रश्न विचारायची वेळ आली की ती गप्प होतात. कारण साधं आहे. वर्गात प्रश्न शिक्षक विचारतात, परीक्षेत प्रश्नपत्रिका विचारते, मुलांच्या वाट्याला फक्त उत्तर येतं. अजिंठा-फर्दापूर भागात तर देशोदेशीचे पर्यटक येतात. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे आधी प्रश्न विचारता यायला हवा. म्हणून या वेळी लेण्यांचाच धडा करू.

१) प्रश्नाची रचना

मराठीत 'तू शाळेत जातोस' याला शेवटी 'का' जोडला की प्रश्न तयार होतो. 'तू कुठे जातोस?' यातही 'तू' जागचा हलत नाही. त्यामुळे मुलं सहज 'व्हेअर यू आर गोइंग?' म्हणून जातात. इंग्रजीत मात्र सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: 'व्हेअर आर यू गोइंग?' वाक्यात सहायक क्रियापद नसेल, तर डू, डज किंवा डिड आणावं लागतं.

फळ्यावर एक वाक्य लिहा: 'जॉन स्मिथ केम अक्रॉस अ केव्ह इन १८१९.' एप्रिल १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला वाघूर नदीच्या दरीत लेणं दिसलं. त्यानं कोरलेलं आपलं नाव दहाव्या लेण्यात आहे. आता एकेका शब्दाखाली रेघ मारा आणि ते उत्तर येईल असा प्रश्न मुलांना करायला सांगा.

- जॉन स्मिथ: हू केम अक्रॉस अ केव्ह?
- अ केव्ह: व्हॉट डिड जॉन स्मिथ कम अक्रॉस?
- इन १८१९: व्हेन डिड ही कम अक्रॉस इट?

पहिल्या प्रश्नात 'डिड' नाही, कारण तिथे आपण कर्त्यालाच शोधतोय. बाकी दोन्हींत 'डिड' आलं आणि 'केम'चं 'कम' झालं. भूतकाळ एकदाच दाखवायचा, हे मुलांना इथे नीट कळतं.

२) फ्रेझल व्हर्ब

'कम' म्हणजे येणे, 'अक्रॉस' म्हणजे पलीकडे. पण 'कम अक्रॉस' म्हणजे अचानक आढळणे. मुलं गोंधळली तर मराठीकडे वळा. 'टाकणे' म्हणजे फेकणे, पण 'धडा वाचून टाक' यात आपण काही फेकतो का? तसंच हे. 'कार्व्ह आउट' (कोरून काढणे), 'फाइंड आउट' (शोधून काढणे), 'लुक आफ्टर' (काळजी घेणे) हे तिन्ही लेण्यांबद्दलच्या वाक्यांत वापरून घ्या. यादी पाठ करून ते राहत नाहीत.

३) वाक्प्रचार

'सेट इन स्टोन' म्हणजे न बदलणारं. आपल्याकडे 'काळ्या दगडावरची रेघ' आहेच. पण इंग्रजीत तो बहुधा नकारार्थी येतो: 'द प्लॅन इज नॉट सेट इन स्टोन', म्हणजे बेत अजून बदलू शकतो. प्रत्येक वाक्प्रचाराला असा जोडीदार मिळत नाही, हेही सांगा. 'कान भरणे' याचं शब्दशः इंग्रजी केलं, तर ऐकणाऱ्याला काहीच कळणार नाही.

४) स्वभावाचे शब्द

आधी तीन प्रश्न वेगळे करा.

- व्हॉट डज ही लाइक? (त्याला काय आवडतं?)
- व्हॉट डज ही लुक लाइक? (तो दिसायला कसा आहे?)
- व्हॉट इज ही लाइक? (त्याचा स्वभाव कसा आहे?)

सतराव्या लेण्यात जातककथांची चित्रं आहेत. आपल्या कळपाला वाचवण्यासाठी स्वतःच्या शरीराचा पूल करणारा वानरराजा 'ब्रेव्ह'. मागेल त्याला सगळं देऊन टाकणारा राजपुत्र विश्वंतर 'जनरस'. षड्दंत हत्तीच्या कथेतली राणी 'जेलस'. गोष्ट सांगा आणि विचारा, 'व्हॉट इज ही लाइक?' उत्तरामागे 'बिकॉज' हवंच. कारण दिल्याशिवाय शब्द आपला होत नाही.

पालकांसाठी एकच काम. रोज संध्याकाळी मुलानं तुम्हाला तीन प्रश्न इंग्रजीत विचारावेत आणि तुम्ही उत्तर द्यावं. उत्तर मराठीत दिलं तरी चालेल, सराव प्रश्नाचा आहे. प्रश्न चुकला तर तोडू नका. तोच बरोबर करून एकदा म्हणा आणि मग उत्तर द्या. विचारल्यावर उत्तर मिळतं, हे कळलं की मूल पुढचा प्रश्न आपणहून विचारतं.