गरोदर मातेला डाव्या कुशीवर का झोपवावे?

दि. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधून सुमारे १,०५० प्रवाशांची सुखरूप सुटका झाली. त्यांत ९ गरोदर माता होत्या. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील रुग्णवाहिका-सेवेच्या विद्यार्थ्यांना आम्ही एका धड्याचे स्मरण देऊ इच्छितो.

सुमारे २० आठवड्यांनंतर माता उताणी झोपल्यास गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो. रक्तदाब घसरतो व बाळाला प्राणवायू कमी मिळतो. यास्तव तिला डाव्या कुशीवर झोपवावे. हृदय बंद पडल्यास मात्र तिला उताणे ठेवून छातीवर दाब द्यावा. त्याच वेळी सहकाऱ्याने गर्भाशय हातांनी डावीकडे सरकवून धरावे.

मातेच्या उदरातील जीवही परमेश्वराचेच दान आहे. त्या दोघांची राखण करणे, हे आपणा सर्वांचे ख्रिस्ती कर्तव्य होय.