भिंतीआडच्या तारा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे गाव तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. मंदिराच्या दगडी भिंतींवरील शिल्पे पाहावयास दूरदूरचे यात्रेकरू येतात. याच तालुक्यात आता एक निराळ्याच प्रकारची वास्तू उभारली जात आहे. तिचे नाव लायगो-इंडिया. दूरच्या आकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, म्हणजे अवकाशात जे सूक्ष्म तरंग उठतात, ते टिपणारी ही वेधशाळा होय. असे तरंग १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांनी प्रथम टिपले. भारतातील वेधशाळेस २०१६ साली तत्त्वतः आणि २०२३ साली पूर्ण मंजुरी मिळाली. तिच्या दोन भुजा काटकोनात असून प्रत्येक भुजेची लांबी ४ किलोमीटर असावयाची आहे.

या भुजांच्या टोकांशी बसविलेले आरसे जेवढे हालतात, ते अंतर अणुकेंद्रातील प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान असते. ते मोजणारी यंत्रे कितीही उत्तम असली, तरी त्यांनी मोजलेले आकडे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बिनचूक पोहोचावयास हवेत. ते पोहोचविण्याचे काम तारा करतात. वेधशाळा असो, रुग्णालय असो, नाही तर गावातील शाळा असो, संगणक असलेल्या प्रत्येक इमारतीच्या भिंतींआड अशा तारांचे जाळे पसरलेले असते. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा विचारही सहसा कोणी करीत नाही. बिघाड झाला, म्हणजे मात्र सर्वांना त्याची आठवण होते.

कयाधू नदीच्या खोऱ्यातील एखाद्या गावी शाळेची नवी इमारत बांधली जात आहे, असे समजू. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक संगणक बसला. त्यासाठी कारागिराने खिडकीतून एक तार आत घेतली. पुढल्या वर्षी संगणककक्ष झाला. दुसरा कारागीर आला. त्याने दारावरून दुसरी तार ओढली. मग दूरध्वनी आला, कॅमेरे आले, ग्रंथालयात यंत्र आले. प्रत्येक वेळी नवा माणूस आणि नवी तार. पाच वर्षांनी छताखाली तारांचा असा गुंता होतो, की कोणती तार कोठून कोठे जाते, हे सांगावयास कोणीही उरत नाही. जुनी तार काढावी, तर चालू असलेलीच तुटेल ही धास्ती. म्हणून ती तशीच लोंबत ठेवावयाची आणि शेजारून आणखी एक ओढावयाची. एखादे दिवशी पन्नास मुले संगणकावर परीक्षेस बसलेली असतात आणि ऐन वेळी जाळे बंद पडते. दोष शोधण्यासाठी भिंत फोडावी, तर कोणती?

पूर्वी मोठमोठ्या शहरांतील कचेऱ्यांचीही हीच दशा होती. संगणकांना जोडणारी ईथरनेट नावाची पद्धत रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली अमेरिकेत मांडली. तिच्यात प्रारंभी एकच जाड तार सर्व संगणकांजवळून फिरविलेली असे. त्या एका तारेस कोठेही इजा झाली, की सारेच संगणक मुके होत. शिवाय दूरध्वनीची तार वेगळी, या कंपनीच्या यंत्राची वेगळी, त्या कंपनीच्या यंत्राची आणखी वेगळी. यंत्र बदलले, की भिंतीतील ताराही बदलाव्या लागत. अखेर १९९१ साली अमेरिकेत आणि १९९५ साली आंतरराष्ट्रीय स्तरावर इमारतींतील तारांसाठी ठरावीक नियम प्रसिद्ध झाले. त्यांमुळे जी पद्धती रूढ झाली, तिला संरचित केबल-व्यवस्था म्हणतात.

हिचे मर्म अगदी साधे आहे. इमारतीत जेथे जेथे माणूस बसून काम करणार, तेथे तेथे भिंतीत एक खोबणी ठेवावयाची. पाहुण्यासाठी जादा पाट मांडावा, त्याप्रमाणे एकीच्या ठिकाणी दोन खोबण्या ठेवणे चांगले. प्रत्येक खोबणीपासून एक स्वतंत्र, अखंड तार निघते आणि मजल्यावरील एका ठरावीक खोलीत येऊन थांबते. वाटेत तिला जोड नाही, फाटा नाही. त्या खोलीत लोखंडी रॅक असतो. रॅकवरील एका पट्टीवर या सर्व तारांची टोके ओळीने बसविलेली असतात. तिला पॅच पॅनेल म्हणतात. तिच्याजवळच स्विच नावाचे यंत्र असते. हे दिव्याचे बटण नव्हे, तर आलेला संदेश योग्य त्या संगणकाकडे धाडणारे यंत्र होय. पट्टी आणि स्विच यांना हातभर लांबीच्या सुट्या दोऱ्यांनी जोडतात. शिक्षकांची खोली उद्या ग्रंथालय झाली, किंवा दूरध्वनीच्या जागी संगणक आला, तरी भिंतीस हात लावावा लागत नाही. रॅकवरील दोरी या भोकातून काढून त्या भोकात घातली, की काम झाले. एखादी तार तुटलीच, तर तिच्यापुरती एकच जागा बंद पडते.

आता ही तार आतून कशी असते, ते पाहू. टाकाऊ केबलचा वीतभर तुकडा घेऊन वरचे वेष्टन सोलले, तर आत आठ बारीक तारा दिसतात. प्रत्येकीतील तांब्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. त्या सुट्या नसून दोन-दोन तारांचे चार पीळ घातलेले असतात. नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशी एकेक तार, आणि तिच्या जोडीस त्याच रंगाची पांढरी पट्टेरी तार. चारही जोड्यांचे पीळ सारखे नसतात. एखादीचा दाट, तर एखादीचा विरळ असतो.

हा पीळ शोभेसाठी नव्हे. भिंतीत विजेच्या तारा असतात, वर पंखे फिरत असतात, शेजारी पाण्याचा पंप असतो. या सर्वांचा विद्युत्-उपद्रव संदेशाच्या तारेत शिरतो. त्यावर उपाय असा, की संदेश एका तारेतून न पाठविता जोडीतून पाठवावयाचा. एकीत तो सुलटा, तर दुसरीत उलटा. पलीकडील यंत्र दोहोंमधील फरक तेवढा वाचते. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांत सारखाच शिरला, तर वजाबाकीत तो नाहीसा होतो. पण दोन्ही तारा सरळ शेजारी-शेजारी ठेवल्या, तर उपद्रवाकडील तारेस तो अधिक बाधतो आणि दुसरीस कमी. थंडीच्या दिवसांत शेकोटीजवळ दोन मुले बसली आणि त्यांनी क्षणाक्षणास जागा बदलल्या, तर दोघांनाही सारखीच ऊब मिळते. पीळ घातलेल्या तारांचेही तसेच होते. कधी ही तार उपद्रवाजवळ, तर कधी ती. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी या युक्तीचे स्वामित्वपत्र १८८१ सालीच मिळविले होते. पुढल्याच वर्षी मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले. सर्वांत नव्या संगणकाच्या पाठीशी इतकी जुनी युक्ती उभी आहे!

नवशिक्या कारागिराच्या हातून येथेच एक विलक्षण चूक घडते. टोकाशी आठ तारा बसवावयाचा नियम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. हिरवी जोडी फोडून तिच्या मध्ये निळी कशाला घातली? जुन्या दूरध्वनीची जोडी मधल्या दोन जागांवर असे, म्हणून त्या जागा एकाच जोडीसाठी राखल्या आणि दुसऱ्या जोडीने त्यांच्या दोन्ही अंगांस बसावे, असे ठरले. यंत्रेही तिसऱ्या आणि सहाव्या जागेवरील तारांना एक जोडी मानूनच संदेश पाठवितात. हे ठाऊक नसलेला मनुष्य मनाशी म्हणतो, की रंग ओळीने लावले तर अधिक नीटनेटके दिसतील. आणि नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी अशा सरळ जोड्या दोन्ही टोकांशी बसवितो. आठही तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतात. दिव्यांच्या साध्या तपासणीयंत्रावर आठही दिवे ओळीने लागतात. तारेचे काम उत्तम झाले, असा निर्वाळा मिळतो. परंतु तिसऱ्या जागेवर हिरव्या जोडीतील एक तार आणि सहाव्या जागेवर निळ्या जोडीतील एक, अशा एकमेकींशी पीळ नसलेल्या तारांवर संदेश जाऊ लागतो. लांबी थोडी असली, तर दोष लपून राहतो; ती वाढली, की संदेश अडखळतो. मग संगणकास दोष दिला जातो, स्विच बदलला जातो, पैसा जातो आणि दोष भिंतीआड जिथल्या तिथे राहतो. (हिरवी व नारिंगी यांची अदलाबदल केलेला दुसराही एक मान्य क्रम आहे, मात्र दोन्ही टोकांशी एकच क्रम असावयास हवा.) याच कारणास्तव टोकाशी पीळ गरजेपुरताच, म्हणजे १३ मिलिमीटरहून अधिक नाही इतकाच, उलगडावा असा दंडक आहे.

तारेच्या लांबीसही मर्यादा आहे. तांब्यातून जाताना संदेश क्षीण होत जातो. म्हणून यंत्रापासून यंत्रापर्यंतची एकूण वाट १०० मीटरहून अधिक नसावी, आणि तीपैकी भिंतीतील तार ९० मीटरपर्यंतच असावी. ही मोजणी सरळ रेषेने करून भागत नाही. तार रॅकवरून छताशी चढते, कोपरे वळते, पुन्हा खाली खोबणीपाशी उतरते; ६० मीटर लांबीच्या इमारतीत ती सहज ७५ मीटर भरते. ओढताना तिच्यावर सुमारे ११ किलोग्रॅम वजनाहून अधिक ताण देऊ नये, तिला दोरीसारखी काटकोनात मोडू नये आणि विजेच्या तारेशी एकाच पाइपातून नेऊ नये. विजेची तार ओलांडणे भागच असेल, तर काटकोनात ओलांडावी.

बाजारात एक फसवी तारही मिळते. आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा! ती स्वस्त असते, परंतु तिचा विद्युत्-रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि वळविताना ती लवकर तुटते. आजकाल भिंतीवरील कॅमेऱ्यास वीजही याच तारेतून पुरविली जाते. अशा वेळी ही तार नको तेवढी तापते. सुरीने टोक खरवडले, तर आतला पांढरा धातू लगेच उघडा पडतो. नव्या इमारतीच्या भिंतींस गिलावा होण्यापूर्वी हे पाहणाऱ्यास काही क्षण लागतात. नंतर पाहावयाचे, तर गिलावाच फोडावा लागतो.

हे झाले एका इमारतीतील. शाळेच्या दोन इमारती वेगवेगळ्या असल्या, तर मधल्या पटांगणातून तांब्याची तार नेणे शहाणपणाचे नाही. मराठवाड्यात मृगाच्या आगेमागे आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात. जवळपास वीज पडली, तर तांब्याच्या तारेतून तिचा तडाखा दोन्ही इमारतींतील यंत्रांना बसू शकतो. येथील काळी जमीनही लहरी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात शिरेल अशा भेगा पडतात, आणि उथळ पुरलेल्या पाइपाचे सांधे निखळतात. अशा ठिकाणी काचतंतू वापरतात. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या तंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेता येते, हे १९५४ साली दाखविले. पुढे १९६६ साली चार्ल्स काओ यांनी काच पुरेशी शुद्ध केल्यास संदेश दूरवर नेता येतील, असे सिद्ध केले. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या तंतूची जाडी अवघी ०.१२५ मिलिमीटर. त्यातून वीज नव्हे, तर प्रकाश धावतो. म्हणून काचेवर ना विजेचा परिणाम, ना पंपाचा. मात्र त्याच्या संरक्षणासाठी पोलादी कवच घातले असेल, तर ते जमिनीशी जोडावयास विसरू नये. ग्रामपंचायतींपर्यंत असाच काचतंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. भारतनेट हे तिचे पुढचे नाव.

औंढ्याजवळील वेधशाळेची एक भुजा म्हणजे तांब्याच्या १०० मीटरच्या वाटेची चाळीसपट. तेथे काचतंतूवाचून गती नाही. काचेतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लक्ष किलोमीटर वेगाने जातो. म्हणजे ४ किलोमीटरसाठी त्यास सेकंदाचा पन्नास हजारावा भाग लागतो. आपल्या दृष्टीने हा काळ शून्यवत् होय. पण दोन टोकांच्या घड्याळांचा मेळ घालणाऱ्या शास्त्रज्ञांना तोही हिशेबात धरावा लागतो. कारण तरंग कोणत्या वेधशाळेत आधी पोहोचला, यावरूनच तो आकाशाच्या कोणत्या दिशेने आला, हे ठरावयाचे असते.

काम पुरे झाल्यावर प्रत्येक तार मोजणीयंत्राने तपासतात. हे यंत्र तार अखंड आहे की नाही एवढेच पाहत नाही. संदेश किती क्षीण होतो आणि एका जोडीतील संदेश दुसरीत किती पाझरतो, हेही ते सांगते. मघाची लपलेली चूक याच वेळी उघडकीस येते. नंतर तारेच्या दोन्ही टोकांशी एकच क्रमांक चिकटवितात. उदाहरणार्थ, ‘२-०७-१४’ म्हणजे दुसरा मजला, सातवी खोली, चौदावी खोबणी. हेच क्रमांक घातलेला इमारतीचा नकाशा रॅकच्या दाराला आतील बाजूस लावून ठेवतात. पंधरा वर्षांनी एखादा अनोळखी वायरमन ते दार उघडतो आणि चौदाव्या खोबणीची तार कोठून गेली आहे, हे पाहून घेतो.