आजी पाणी का पीत नाही?

एक छोटीशी टेस्ट घ्या. घरात पंचाहत्तरी-ऐंशीच्या आजी असतील तर आठवून बघा. संध्याकाळी पाचनंतर त्या पाणी नको म्हणतात का? लग्नकार्य निघालं की 'तुम्ही जा, मी घर सांभाळते' हे ठरलेलं उत्तर येतं का? पहाटे कुणी उठायच्या आत स्वतःची चादर धुऊन टाकतात? जुन्या सुती साडीच्या घड्या उशीखाली सापडतात? एसटीचं नाव काढलं की गुडघे दुखायला लागतात?

दोन-तीन उत्तरं 'हो' आली, तर आजी हट्टी झालीय असं समजू नका. तिची लघवी निसटत असण्याची बरीच शक्यता आहे. आणि ती कुणाला सांगत नाहीये.

आपली जनरेशन भलतीच बोलकी. ब्रेकअप, डिप्रेशन, पिरियड्स, सगळं कॅन्टीनच्या टेबलावर चालतं. पण हा विषय काढला की सगळे मोबाइलमध्ये डोकं घालतात. डॉक्टरी भाषेत याला 'युरिनरी इन्कॉन्टिनन्स' म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा त्रास खूप जास्त. बाळंतपणात ओटीपोटाखालचे स्नायू ताणलेले असतात, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि तिथली त्वचा नाजूक होते. कुणाला खोकलं-शिंकलं की थेंब जातात, कुणाला एकदम घाई होते आणि दम धरवत नाही. अनेकींना दोन्ही.

३८ पावलं

माझी आजी ८२ वर्षांची. गिरगावातल्या चाळीत राहते, संडास गॅलरीच्या टोकाला. पलंगापासून तिथपर्यंतची पावलं मी मोजली, ३८ भरली. मला अर्धा मिनिटही लागत नाही. तिला काठी शोधायची, चपला घालायच्या, दाराची कडी काढायची, अंधारात भिंतीच्या आधाराने चालायचं आणि वर परकराच्या नाडीची गाठ सोडायची. तिचं मूत्राशय ठणठणीत असतं, तरी ती वेळेत पोचली असती का?

नाजूक तब्येतीच्या म्हातारीची खरी गोष्ट इथेच आहे. कारण बऱ्याचदा मूत्राशयाच्या बाहेर असतं. गुडघे, अंतर, अंधार, कपडे, गोळ्या, बद्धकोष्ठता... एकेक बारीक गोष्ट जमत जाते आणि एक दिवस तोल सुटतो.

पहिल्या डॉक्टरांनी 'वय झालं, आता चालायचंच' म्हणून दोन मिनिटांत आम्हाला वाटेला लावलं. दुसऱ्या बाईंनी मात्र सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या. बीपीची एक गोळी लघवी वाढवणारी होती आणि आजी ती रात्री जेवणानंतर घ्यायची! बाईंनी ती सकाळी दिली. पोट साफ होत नव्हतं, त्यावर औषध दिलं. कोठा भरलेला असला की मूत्राशयावर दाब येतो, हे मला तिथेच कळलं. पायांना सूज होती. दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि रात्री लघवी वाढते, म्हणून दुपारी पाय उशीवर ठेवून पडायला सांगितलं.

घरी आम्ही पलंगाशेजारी कमोड चेअर आणली, रात्री झिरोचा बल्ब चालू ठेवला, नाडीच्या जागी इलॅस्टिक आलं. त्रास पूर्ण थांबला का? नाही. पण रात्रीची चार-पाच वेळची धावपळ दोनवर आली. गुरुवारच्या भजनाला आजी पुन्हा जायला लागली, पॅड लावून, दाराजवळची जागा धरून.

पाणी तोडणं हा इलाज नाही

कमी प्यायलं तर कमी होईल, असं प्रत्येक आजीला वाटतं. होतं उलट. लघवी घट्ट झाली की मूत्राशय चिडतं, बद्धकोष्ठता वाढते, इन्फेक्शनची भीती वाढते. दिवसा पाणी प्यावं, झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत बेताने. चहा-कॉफी मात्र कमी केलेली बरी.

व्यायामाचं म्हणाल तर ओटीपोटाखालचे स्नायू आवळून सोडण्याची पद्धत अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८मध्ये मांडली. आजही खोकल्यासोबत निसटणाऱ्या लघवीवर हाच पहिला उपाय. घाईच्या त्रासात दोन लघव्यांमधलं अंतर हळूहळू वाढवायची सवय लावतात. पण स्मरणशक्ती कमी झालेल्या आजीला हे जमेलच असं नाही. तिथे घरच्यांनी दर दोन-तीन तासांनी 'जाऊन येतेस का?' असं विचारून सोबत न्यायचं. साधी गोष्ट आहे, पण उपयोगी पडते.

औषधंही आहेत, मात्र जपून. ऑक्सिब्युटिनिनसारख्या जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते आणि वृद्धांमध्ये गोंधळलेपणा वाढू शकतो. मिराबेग्रॉन वेगळ्या पद्धतीने काम करतं, पण बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. पाळी गेलेल्या बायकांना योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा फायदा होऊ शकतो. यातलं काहीही शेजारच्या काकूंच्या प्रिस्क्रिप्शनवरून घ्यायचं नाही. आणि लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू दिसले, पण जळजळ, ताप असं काही नसेल, तर अँटिबायोटिक बहुतेक वेळा लागत नाही.

डायपर? प्रवासाला, लग्नाला जरूर. पण ती सोय आहे, उपचार नाही. पिरियड्सचे पॅड या कामाला पुरत नाहीत, लघवीसाठीचे वेगळे मिळतात. आपल्याला उठायला नको म्हणून चालत्या-फिरत्या बाईला दिवसभर डायपर लावून ठेवला, तर तिची उरलीसुरली सवयही जाते.

धोका कुठे आहे?

रात्री घाईने उठताना पडणं. या वयात खुब्याचं हाड मोडलं की अनेकजणी पुन्हा पूर्वीसारख्या चालत नाहीत. दुसरा धोका गुपचूप येतो. बाहेर जाणं बंद, मैत्रिणी बंद, बोलणं बंद. मुंबईत २०११मध्ये बायकांच्या सार्वजनिक मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली, तेव्हा चर्चा मुख्यतः कामावर जाणाऱ्या बायकांची होती. पण स्वच्छ संडास कुठे मिळेल हे माहीत नसल्यामुळे घराबाहेर न पडणाऱ्या आज्याही याच शहरात राहतात.

तुम्ही काय कराल?

* तीन दिवस वही ठेवा. किती वाजता गेली, कधी निसटली, काय प्यायली. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो.
* आयुर्वेदिक धरून सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका.
* वाटेतलं पायपुसणं उचला, संडासात धरायला दांडा बसवा.
* लघवीत रक्त, ताप, लघवी अडकणं, किंवा अचानक सुरू झालेला त्रास आणि सोबत पायात कमजोरी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि विचारा. चारचौघांत नको, दोघीच असताना. 'आजी, रात्री किती वेळा उठावं लागतं गं? पोचेपर्यंत त्रास होतो का?' नातवंडांनी विचारलं तर बऱ्याचदा आज्या सांगतात. सुनेला किंवा मुलाला सांगायला त्यांना संकोच वाटतो. या रविवारी मॉलला निघण्याआधी तिच्या पलंगापासून संडासापर्यंतची पावलं मोजा. जमल्यास रात्री, लाइट बंद करून.