सामूचा आकडा आणि लॉगचे गणित

पेडणे व डिचोली या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांस मृदा आरोग्य पत्रिका ठाऊक आहे. ही योजना २०१५ साली सुरू झाली. पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश यांच्या जोडीला ‘सामू’ असा एक रकाना असतो. एका शेताचा सामू ५.५ आणि शेजारच्या शेताचा ४.५ आला, तर पुष्कळ जण म्हणतात, “एकाचाच तर फरक!” हा एकाचा फरक म्हणजे काय, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

सामू म्हणजे रसायनशास्त्रातील पीएच. तो समजण्यास लॉगॅरिथमची ओळख हवी. नाव अवघड, पण कल्पना सोपी. १०० हा १० चा दुसरा घात, म्हणून १०० चा लॉग २. तसाच १,००० चा ३ आणि १०,००० चा ४. संख्या दसपट झाली की लॉग केवळ १ ने वाढतो. मधल्या संख्यांचे लॉग अपूर्णांकी असतात; २ चा लॉग सुमारे ०.३०१० आहे. स्कॉटलंडच्या जॉन नेपिअर यांनी १६१४ साली लॉगॅरिथम प्रसिद्ध केले. त्यामुळे गुणाकाराचे काम बेरजेवर भागू लागले. गणकयंत्रे आल्यावर लॉगची कोष्टके मागे पडली. रसायनशास्त्रात लॉग मात्र टिकून आहे.

त्याचे कारण असे. द्रवाची आम्लता त्यातील हायड्रोजन आयनांवरून मोजतात. शुद्ध पाण्यात हे प्रमाण लिटरला ०.००००००१ मोल, तर लिंबाच्या रसात सुमारे ०.०१. इतकी शून्ये कोणी मोजत बसावी? डेन्मार्कचे सोरेन्सन यांनी १९०९ साली तोड काढली: त्या संख्येचा लॉग घ्यावा व त्याचे चिन्ह बदलावे. मग पाण्याचा सामू ७ आणि लिंबाचा २. चिन्ह बदलल्यामुळे आम्लता चढली की सामू उतरतो, हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या शेतांकडे वळू. ४.५ सामूच्या मातीत हायड्रोजन आयनांचे प्रमाण ५.५ च्या दसपट असते. गोव्याच्या जांभ्या जमिनीतील चुन्यासारखी द्रव्ये मुसळधार पावसाने धुऊन जातात, म्हणून ती आम्ल होते. सामू फार उतरला की मातीतील ॲल्युमिनियम विरघळून मुळांस अपाय करते आणि स्फुरद पिकास नीट मिळत नाही. चुना किती घालावा, हे मातीच्या पोतावरही अवलंबून असते. तेव्हा तज्ज्ञांस विचारूनच घालावा.

२ चा लॉग सुमारे ०.३, म्हणून सामू ०.३ ने उतरला की आयन दुप्पट झाले असे समजावे. माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो. तो ७.४ वरून ७.१ वर आला तर डॉक्टर धावपळ करतात, ती उगीच नव्हे.

पणजीकरांच्या दारात समुद्र आहे. कारखानदारीच्या युगापासून जगातील समुद्रपृष्ठाचा सामू सरासरी सुमारे ०.१ ने उतरला आहे. हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरतो, हे त्याचे कारण. ०.१ म्हणजे आयनांत सुमारे २६ टक्के वाढ! कालवे व तिसऱ्या यांना शिंपले घडविणे त्यामुळे जड जाऊ शकते.

म्हणून घरातील शाळकरी मुलामुलींस पत्रिका वाचावयास द्यावी आणि सामूतील फरकाचा हिशेब त्यांच्याकडून करून घ्यावा. लॉगचा धडा पक्का होईल आणि शेताचेही हित साधेल.